नागपूरहून जागतिक वारसा पाहायला निघताना: पहिल्या सफरीची तयारी

२०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचं नाव जागतिक वारसा यादीत लागलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. "चला, आपणही एकेक ठिकाण पाहून येऊ," असं प्रत्येक जण म्हणत होता. मग प्रश्न सुरू झाले. सुरुवात कुठून करायची? नागपूरहून जवळचं कोणतं? आईबाबांना झेपेल का? दोन दिवसांत होईल का? मी ही ठिकाणं गेली काही वर्षं एकेक करून पाहतो आहे. सुरुवातीला बरंच चुकलो, वेळ घालवला आणि एकदा तर आईला भर मे महिन्यात उन्हात उभं केलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो.

१. आधी यादी म्हणजे काय ते समजून घ्या

जागतिक वारसा यादी युनेस्कोची असते. त्यामागचा आंतरराष्ट्रीय करार १९७२ चा आहे. भारत त्यात १९७७ मध्ये सामील झाला आणि १९८३ मध्ये आपली पहिली चार स्थळं यादीत गेली: अजिंठा, वेरूळ, आग्र्याचा किल्ला आणि ताजमहाल. म्हणजे पहिल्या चारांतली दोन महाराष्ट्रातली. बारा किल्ल्यांसह २०२५ मध्ये देशाचा आकडा ४४ झाला. त्यांत ३६ सांस्कृतिक, ७ नैसर्गिक आणि एक मिश्र स्थळ आहे; ते मिश्र स्थळ म्हणजे सिक्कीममधलं कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान.

महाराष्ट्रात अजिंठा, वेरूळ, घारापुरी, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, पश्चिम घाट, मुंबईतला व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह आणि आता मराठ्यांचे किल्ले. बारापैकी अकरा किल्ले महाराष्ट्रात आहेत, बारावा जिंजी तमिळनाडूत.

विदर्भातलं एकही स्थळ अजून या यादीत नाही. हे वाचून वाईट वाटतं, पण ठाऊक असलेलं बरं. "लोणार युनेस्कोच्या यादीत आहे" असा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. लोणारला २०२० मध्ये रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली दर्जा मिळाला. तो मोठा मान आहे, पण ती यादी वेगळी. ताडोबा, पेंच, मेळघाट हे व्याघ्रप्रकल्प आहेत, जागतिक वारसा स्थळं नाहीत. जबलपूरजवळचं भेडाघाट आणि सातपुडा व्याघ्रप्रकल्प ही आपल्या शेजारची दोन ठिकाणं संभाव्य यादीत आहेत, म्हणजे उमेदवार आहेत, निवड व्हायची आहे. एखाद्या सहलवाल्याने "युनेस्को टूर" म्हणून काही विकायला आणलं तर हा फरक लक्षात ठेवून प्रश्न विचारा.

२. पहिली सफर रामटेकच्या वाटेवर करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मला मात्र सगळ्यात महत्त्वाची हीच वाटते.

अजिंठ्याची जी चित्रं पाहायला जगभरातून लोक येतात, त्यातली बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली आहेत. सोळाव्या लेण्यात शिलालेख आहे. हे लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवून घेतल्याचं त्यात सांगितलं आहे. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम! वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता या घराण्यात सून म्हणून आली. नवरा रुद्रसेन गेल्यावर मुलं लहान असताना तिने राज्य चालवलं. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे.

म्हणून एक रविवार काढा. नागपूरहून रामटेक साधारण पन्नास किलोमीटर आहे. वाटेत मनसरचे उत्खनन केलेले अवशेष पाहा, मग रामटेकचा गड चढा, गडावरचं केवल-नरसिंह मंदिर आणि तिथला वाकाटककालीन शिलालेख पाहा आणि परतताना नगरधनच्या किल्ल्यावर थांबा. आज दिसणारा किल्ला नंतरच्या काळातला आहे, हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर ते वाकाटकांचा दरवाजा शोधत बसतात. त्याआधी किंवा नंतर सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला, म्हणजे १८६३ साली सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय, पाहून घ्या. सोमवारी ते बंद असतं.

एवढं करून अजिंठ्याला गेलात की तिथल्या भिंतीवरच्या राण्या आणि व्यापारी परक्या मुलखातले वाटत नाहीत. माझ्या पुतण्याने तिथे विचारलं होतं, "काका, हे लोक आपल्याकडचेच ना?" त्या एका प्रश्नासाठी मी रामटेकची फेरी प्रत्येकाला करायला लावतो.

३. एका सफरीत एकच दिशा

नागपूर देशाच्या मध्यावर आहे, त्यामुळे चारही दिशांना गाड्या आहेत आणि मोह होतो. मी सुरुवातीला पाच दिवसांत भोपाळ, सांची आणि अजिंठा असा बेत केला होता. निम्मा वेळ स्टेशनांवर गेला. आता माझा नियम असा:

पश्चिमेला अजिंठा आणि वेरूळ, दोन पूर्ण दिवस. उत्तरेला भोपाळ मुक्कामी सांची आणि भीमबेटका, दोन दिवस. दक्षिणेला वरंगळजवळचं रामप्पा मंदिर, एक दिवस. किल्ले नागपूरहून लांब आहेत; त्यांना वेगळी मोठी सुटी द्या आणि दोन किंवा तीनच निवडा.

पहिल्यांदा निघत असाल तर पश्चिमेलाच जा.

४. तिकीट काढण्याआधी वार पाहा

अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. हे दोन वार घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. वार न पाहता निघालेले लोक मी दरवाजाशी हिरमुसून परतताना पाहिले आहेत, त्यात लहान मुलांना घेऊन आलेलेही होते.

नोकरदारांसाठी सोपा बेत असा: शुक्रवारी रात्री नागपूरहून रेल्वे, शनिवारी अजिंठा, संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरला मुक्काम, रविवारी वेरूळ, रविवारी रात्री बसने परत. सोमवारची रजा मिळत असेल तर शनिवारचा दिवस घरी काढून रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ करा. सोमवारी वेरूळला गर्दी खूपच कमी असते आणि तिथल्या कैलास लेण्याच्या अंगणात निवांत बसता येतं.

मोसमाचं म्हणाल तर आपल्याकडे सहली उन्हाळ्याच्या सुट्टीत निघतात. नागपूरकरांना ऊन नवं नाही, पण काळा पाषाण तापतो तेव्हा पायऱ्यांवर उभं राहवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये अजिंठ्याच्या वाघोरा नदीला पाणी असतं, वरचा सातकुंडाचा धबधबा वाहतो आणि सगळा डोंगर हिरवा होतो. नाहीतर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवाळीच्या सुट्टीचा आठवडा तेवढा टाळा.

५. बॅग आणि कागदपत्रं

प्रत्येकाचं आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र घ्या, मुलांचंही. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, पण उंच मुलाचं वय विचारलं जातं. अजिंठा आणि वेरूळचं तिकीट भारतीयांना प्रत्येकी चाळीस रुपयांच्या आसपास आहे. ऑनलाइन काढलंत तर तिकिटाचा स्क्रीनशॉट आदल्या रात्रीच काढून ठेवा, कारण दरीत नेटवर्कचा भरवसा नसतो. थोडे सुटे पैसे खिशात असू द्या. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो आणि १९ नोव्हेंबरला वारसा सप्ताह सुरू होतो. या दिवशी बहुतेक वेळा प्रवेश मोफत ठेवतात, पण गर्दीही तशीच असते.

पायात पटकन काढता-घालता येणाऱ्या चपला किंवा सँडल हवेत. चित्रं असलेल्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात, आणि बुटांच्या नाड्या दहा वेळा सोडून-बांधून जीव मेटाकुटीला येतो. टोपी, प्रत्येकी दोन लिटर पाणी, आणि खायला दशम्या-चटणी किंवा संत्री. लेण्यांच्या आत खाणं चालत नाही, सालंसुद्धा पिशवीत परत आणायची. ट्रायपॉड घरी ठेवा.

६. अजिंठ्याला पोहोचणं

नागपूर-मुंबई मार्गावर वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ करत गाडी जळगावला येते. रात्री निघालेली गाडी पहाटे पोहोचवते. जळगावहून लेणी साधारण साठ किलोमीटर. संभाजीनगरकडून आलात तर शंभर किलोमीटर पडतात, म्हणून नागपूरकरांना जळगावची वाट सोयीची. जळगाव स्थानकावर तोंड धुवा, नाश्ता करा आणि संभाजीनगरकडे जाणारी एसटी पकडा.

आता सगळ्यात मोठी फसगत. अजिंठा गाव वेगळं आणि अजिंठा लेणी वेगळी. जळगावकडून जाताना आधी फर्दापूर येतं, तिथला टी-पॉइंट म्हणजे लेण्यांचा फाटा. त्यापुढे बस घाट चढून अजिंठा गावात जाते. मी आईबरोबर गेलो तेव्हा तिकीट "अजिंठा" म्हणून मागितलं आणि गावात उतरलो. मे महिना, दुपारचे बारा, परतीच्या वाहनाला पाऊण तास. आई काही बोलली नाही, पदराने वारा घेत उभी राहिली. ते मला आजही लागतं. म्हणून कंडक्टरला स्पष्ट सांगा: "अजिंठा लेणी, फर्दापूर टी-पॉइंट."

टी-पॉइंटवर खासगी गाड्या थांबतात. तिथून लेण्यांपर्यंतचे शेवटचे चारेक किलोमीटर एसटीच्याच बसने जायचं असतं, तिचं तिकीट वेगळं. स्फटिक आणि माळा विकणारे सोबत चालू लागतील. घ्यायचं नसेल तर पहिल्याच वाक्यात नम्रपणे नाही म्हणा. "येताना पाहू" म्हटलंत तर ते येताना खरोखर वाट पाहतात. वर चढायला पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते, दर आधी ठरवा.

७. अजिंठ्यात सहा लेणी नीट पाहा

नालाच्या आकाराच्या कड्यात एकूण तीस लेणी आहेत. तीसही पाहायचा हट्ट धरलात तर दुपारपर्यंत सगळी एकसारखी दिसू लागतात. माझी निवड १, २, १०, १६, १७ आणि २६ अशी. ९, १०, १९, २६, २९ हे चैत्य, म्हणजे प्रार्थनागृहं. बाकीचे बहुतेक विहार, भिक्षूंची राहण्याची जागा.

लेणी उघडताच, सकाळी नऊला आत जा आणि पहिल्या लेण्यापासून सुरुवात करा, कारण नंतर तिथेच रांग लागते. आत गेल्यावर लगेच काही दिसत नाही. बहुतेक जण इथेच मोबाइल काढतात, काहीच नीट येत नाही म्हणून बाहेर पडतात. तुम्ही एका खांबाशी उभे राहा आणि पाच मिनिटं काहीही करू नका. डोळे अंधाराला सरावले की पद्मपाणी बोधिसत्त्वाचा झुकलेला चेहरा आणि हातातलं निळं कमळ हळूहळू भिंतीतून पुढे येतं. फ्लॅशला सक्त मनाई आहे. ही चित्रं मातीच्या गिलाव्यावर, तो वाळल्यानंतर रंगवलेली आहेत, फार नाजूक आहेत. भिंतीला पाठ टेकू नका, मुलांचे हात धरून ठेवा.

दुसऱ्या लेण्यात छताकडे पाहा. सोळाव्यात वराहदेवाचा शिलालेख बाहेरच्या भिंतीवर आहे. आमच्या गटाला मी तिथे हमखास थांबवतो आणि वाशीमचं नाव घेतो. सतराव्यात गोष्टी आहेत: सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची सागरी सफर, दानशूर विश्वंतराची कथा. इथे अधिकृत ओळखपत्र असलेला मार्गदर्शक घ्यायला हरकत नाही, कारण कुठून वाचायला सुरुवात करायची हे एकट्याला कळत नाही. सव्विसाव्यात महापरिनिर्वाणातले बुद्ध आडवे कोरले आहेत, सुमारे सात मीटर लांब. खाली शोक करणारे शिष्य, वर आनंदलेले देवगण. तिथे पोहोचेपर्यंत पाय दमलेले असतात, म्हणून लोक दारातूनच परततात. तुम्ही आत जा आणि बसा.

दहावं लेणं वाकाटकांच्याही कितीतरी आधीचं, इसवी सनापूर्वीचं आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असता त्याला ही लेणी दिसली. त्याने या लेण्यातल्या एका खांबावर आपलं नाव खरडून ठेवलं आहे. मुलांना ते जरूर दाखवा आणि असं का करू नये, हे तिथेच सांगा.

८. वेरूळला दिवसाचा क्रम उलटा लावा

संभाजीनगरहून वेरूळ तीस किलोमीटर. चौतीस लेणी आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. दरवाज्यातून आत गेलं की समोरच सोळावं लेणं, कैलास, आणि सगळा जथा तिकडेच वळतो. तुम्ही कैलास दुपारसाठी ठेवा. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, त्यामुळे दुपारनंतर ऊन थेट दर्शनी भागावर येतं.

सकाळी आधी लांबची जैन लेणी करा, त्यासाठी वाहन मिळतं. बत्तिसाव्यातल्या इंद्रसभेच्या वरच्या मजल्यावरचं छत पाहा. मग बौद्ध बाजूचं दहावं विश्वकर्मा लेणं. दगडात लाकडी तुळयांसारख्या कमानी कोरल्यामुळे लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. पावसाळ्यात एकोणतिसाव्याजवळचा धबधबा.

कैलास राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळचं, आठव्या शतकातलं. डोंगर वरून खाली कोरत आणला आहे. आधी कळस, शेवटी पाया. हे वाचून कळतं, पण पटायला अंगणात उभं राहून वर पाहावं लागतं. दक्षिणेकडच्या बाजूला रावण कैलास हलवतो आहे ते शिल्प शोधा. किमान दीड तास द्या.

घृष्णेश्वराचं दर्शन करायचं असेल तर ते पहाटेच उरका, कारण रांग किती लागेल याचा नेम नसतो.

परतीसाठी रेल्वे शोधत बसू नका. संभाजीनगर मनमाड-सिकंदराबाद मार्गावर आहे, नागपूरला यायला मोठा वळसा पडतो. रात्रीची बस समृद्धी महामार्गाने सकाळी नागपूरला आणून सोडते. स्वतःची कार नेत असाल तर निघण्यापूर्वी टायर आणि हवा तपासा, दर दोन तासांनी थांबा आणि चालवणाऱ्याला झोपू द्या. दुचाकीला या रस्त्यावर परवानगी नाही. हा रस्ता वाशीम जिल्ह्यातूनच जातो.

९. पुढची सफर: भोपाळ

सांची भोपाळच्या ईशान्येला आणि भीमबेटका दक्षिणेला, दोन्ही साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर. दिशा विरुद्ध असल्याने एका दिवसात दोन्ही उरकायचा बेत करू नका.

दीक्षाभूमीला नेहमी जाणाऱ्यांनी सांचीला जाताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या दीक्षाभूमीच्या स्तूपाला सांचीची प्रेरणा आहे, पण तो आतून पोकळ आहे, आपण आत जाऊन बसतो. सांचीचा मोठा स्तूप भरीव आहे. आत जायचं नसतं, भोवती प्रदक्षिणा घालायची असते, आणि तीही दोन पातळ्यांवर. मुळात तो अशोकाच्या काळचा. चार तोरणं नंतरची, सातवाहनांच्या वेळची. दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांच्या प्रमुखाचं, आनंदाचं नाव कोरलेलं आहे. तोरणांवर बुद्धांची मानवी आकृती नाही. बोधिवृक्ष, चक्र, पावलं आणि रिकामं आसन यांतून ते दाखवले आहेत. हे माहीत नसेल तर माणूस मूर्ती शोधत फिरतो. स्मारक रोज उघडं असतं, शेजारचं संग्रहालय मात्र शुक्रवारी बंद.

भीमबेटका १९५७ मध्ये डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर या मराठी पुरातत्त्वज्ञाने उजेडात आणलं. रेल्वेतून जाताना त्यांना हे खडक दिसले आणि ते शोधत तिथे पोहोचले. नागपूरहून भोपाळला जाताना ओबेदुल्लागंजच्या आसपास खिडकीशी बसा. या परिसरात सातशेहून अधिक शैलाश्रय, म्हणजे आदिमानवाने आसरा घेतलेल्या खडकांच्या कपारी आहेत, पर्यटकांसाठी त्यातले पंधराएक खुले आहेत. गाडी भोपाळहून दिवसभरासाठी ठरवा. तिथे उतरून परतीचं वाहन शोधणं अवघड जातं. पाणी सोबत न्या. अजूनही कुणी सभागृहासारख्या मोठ्या गुहेच्या छतावर पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा जीवाश्म दाखवेल. २०२१ मध्ये तसा दावा झाला होता. नंतरच्या तपासणीत ते मधमाश्यांच्या पोळ्याचे अवशेष निघाले. चित्रं मात्र खरी आणि अप्रतिम आहेत: हरणं, गवे, नाचणाऱ्या माणसांच्या रांगा.

१०. दक्षिणेला रामप्पा

२०२१ मध्ये यादीत आलेलं हे मंदिर तेलंगणातल्या पालमपेटला, वरंगळपासून सत्तरेक किलोमीटरवर आहे. काकतीय राजा गणपतिदेवाचा सेनापती रेचर्ला रुद्र याने ते बांधवलं. शिलालेखावरचं वर्ष १२१३. शिखराच्या विटा पाण्यावर तरंगतील इतक्या हलक्या आहेत. बाहेरच्या बाजूला, छताखाली काळ्या दगडाच्या नर्तकी आहेत. मान उंचावून पाहावं लागतं, म्हणून दुर्बीण असेल तर न्या. पूजा चालू असलेलं मंदिर आहे, चपला बाहेर.

वरंगळला मुक्काम करा, सकाळी लवकर गाडी घेऊन रामप्पाला जा आणि दुपारी परतून हनमकोंड्याचं हजार खांबांचं मंदिर व वरंगळचा किल्ला पाहा. रेल्वेचं तिकीट काढताना वरंगळ आणि काझीपेट ही दोन्ही नावं टाकून पाहा. दोन्ही स्टेशनं शेजारी आहेत, पण सगळ्या गाड्या दोन्हीकडे थांबत नाहीत, आणि एका ठिकाणी वेटिंग असेल तेव्हा दुसऱ्या ठिकाणी जागा मिळून जाते.